मनाचा तक्ता: मुंबईला येता येता राहिलेला बियॉन

हेडफोन नीट लावा, कारण आजचा विषय ऐकायला जरा विचित्र वाटेल. माणसाचं मन लिहून काढायला अक्षरं आणि चिन्हं वापरायची, अगदी बीजगणितात वापरतात तशी. विसाव्या शतकात दोन मोठ्या मनोविश्लेषकांनी हा उद्योग केला. एक पॅरिसचा झाक लाकाँ. दुसऱ्याचा जन्म आपल्याच देशातला, आणि त्याचा शेवटचा ठरलेला प्रवास होता मुंबईचा.

विल्फ्रेड बियॉन ८ सप्टेंबर १८९७ रोजी मथुरेत जन्मला. वडील इंग्रज, पाटबंधारे खात्यात इंजिनीअर. पोरगा आयाच्या अंगाखांद्यावर वाढला. आठव्या वर्षी त्याला शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवलं आणि तो परत कधीच भारतात आला नाही. पहिल्या महायुद्धात रणगाड्यांवर अधिकारी होता, शौर्यपदक मिळालं. मग डॉक्टर, मग मनोविश्लेषक. आत्मचरित्रात तो लिहितो की लहानपणी त्याला 'अवर फादर' ही प्रार्थना नीट ऐकूच यायची नाही. त्या चुकीच्या ऐकलेल्या आवाजांतून त्याच्या डोक्यात एक भीतीदायक प्राणी तयार झाला. शब्द ऐकला एक, मनात बनलं भलतंच. हाच प्रश्न पुढे त्याने आयुष्यभर सोडवायला घेतला.

प्रश्न असा. 'प्रेम' हा शब्द घ्या. तुम्ही म्हणता तेव्हा एक अर्थ, तुमची आई म्हणते तेव्हा दुसरा, आणि सिनेमावाले म्हणतात तेव्हा तिसराच. शब्द आधीच भरून आलेला असतो. मग दोन डॉक्टरांनी एकाच पेशंटबद्दल बोलायचं कसं? बियॉनने १९६२ ते १९७० या काळात चार पुस्तकं लिहिली आणि त्यांत रिकामी अक्षरं वापरली. प्रेमाच्या नात्याला 'एल', द्वेषाला 'एच', जाणून घेण्याच्या नात्याला 'के'. आणि मुद्दाम न जाणण्याला 'उणे के'. कच्च्या, न पचलेल्या अनुभवाला 'बीटा', तो पचवून विचार करण्याजोगा झाला की 'अल्फा'. आपल्या कोडिंगच्या भाषेत सांगायचं तर त्याने व्हेरिएबल डिक्लेअर केला, पण त्यात व्हॅल्यू टाकली नाही. ती प्रत्येक माणसाच्या अनुभवातून भरायची.

१९६३ मध्ये त्याने याचा एक तक्ता मांडला, 'ग्रिड'. एक्सेल शीट डोळ्यांसमोर आणा. उभ्या बाजूला ए ते एच: विचार किती पिकलाय. वर कच्चा माल, मग स्वप्नं आणि मिथकं, पुढे कल्पना, आणि सगळ्यात खाली बीजगणित. आडव्या बाजूला एक ते सहा: त्या विचाराचा वापर कशासाठी चाललाय. गंमत म्हणजे तिसऱ्या रकान्याचं नावच 'नोंद'.

उदाहरण मी माझंच देतो. दादरला एक पेशंट दहा मिनिटं उशिरा येतो आणि म्हणतो, "गाडी लेट होती." खरंच लेट असेल तर ही साधी नोंद, रकाना तीन. पण गाडी वेळेवर होती, पठ्ठ्या जिन्याखाली उभा राहून वर जायचं टाळत होता, तर हेच वाक्य रकाना दोनमध्ये. म्हणजे दुखरी गोष्ट झाकण्यासाठी पुढे केलेलं खोटं. आणि त्याने सांगितलं की रात्री स्वप्नात गाडी दादरला थांबलीच नाही, तर आपण स्वप्नाच्या ओळीत गेलो. वाक्य तेच, पण घर बदललं. अर्थ शब्दात नसतो, शब्दाने काय काम केलं यात असतो. ही बियॉनची खरी पकड.

लाकाँचं गणित वेगळं. त्याने भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरकडून चिन्ह आणि अर्थ यांची मांडणी घेतली आणि उलटी केली: वर चिन्ह, खाली अर्थ, मध्ये आडवी रेघ. आणि 'मी' म्हणजे तिरप्या रेघेने कापलेला 'एस'. भाषेत शिरलेला माणूस स्वतःला कधी पुरता सापडत नाही, असं त्याचं म्हणणं. याच लाकाँने १९५३ च्या रोममधल्या गाजलेल्या मांडणीत आपल्या ध्वनिसिद्धांताचा उल्लेख केला आणि शेवट बृहदारण्यक उपनिषदातल्या 'द द द'च्या गोष्टीने केला. एकच अक्षर, आणि देव, माणसं, असुर तिघांनी तीन अर्थ काढले. पॅरिसवाल्यालाही उदाहरण इथलं लागलं.

आता मुंबईत या. मनोविश्लेषण इथे जुनं आहे. कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये संस्था काढली. इटलीत वंशवादी कायदे आले तेव्हा, १९३८ मध्ये, एमिलिओ सेर्वादिओ हा विश्लेषक मुंबईत आला आणि इथे काम सुरू झालं. पण सगळे त्या वाटेने गेले नाहीत. परळच्या केईएम हॉस्पिटलात डॉ. एन. एस. वाहिया आणि त्यांचे सहकारी पतंजलीच्या योगावर आधारित उपचार तपासत होते, १९७३ मध्ये त्यावर त्यांचा निबंध आला. शहर एक, पण मनाची लिपी कोणती यावर मतं दोन.

आणि बियॉन? जानेवारी १९८० मध्ये तो मुंबईला येणार, असं ठरलं होतं. सत्तरहून जास्त वर्षांनी भारतात. पण ८ नोव्हेंबर १९७९ रोजी, आजार कळल्यावर थोड्याच दिवसांत, तो ऑक्सफर्डला गेला. पुढे कुमार शहानींनी त्याच्या आत्मचरित्रावर आणि कादंबरीवर सिनेमा करायला घेतला. मुंबईचे मनोविश्लेषक उदयन पटेल त्या खटपटीत होते. टॉम ऑल्टर, जलाल आगा, नायजेल हॉथॉर्न अशी नटमंडळी होती. तो सिनेमाही पूर्ण झाला नाही.

मग या चिन्हांनी साधलं काय? खरं गणित काही झालं नाही. खालच्या बीजगणिताच्या ओळी जवळजवळ रिकाम्याच राहिल्या, कुठलं समीकरण सुटलं नाही. लाकाँच्या गणितावर तर शास्त्रज्ञांनी कडक टीका केली. बियॉनलाही स्वतःच्या तक्त्याबद्दल नंतर शंका होत्या. पण एक नियम त्याने पाळला, आणि तो आपल्यासाठी महत्त्वाचा: पेशंट समोर असताना तक्ता काढायचा नाही. तेव्हा फक्त ऐकायचं. तक्ता नंतर, एकट्याने, आपलं ऐकणं तपासायला.

आज आपल्या फोनवर मूड मोजणारी ॲप्स आहेत, एक ते दहा आकडे आहेत. मित्राने "कसंतरी होतंय" म्हटलं की आपण लगेच ट्रॉमा, ट्रिगर, अँक्झायटी असे भरलेले डबे पुढे करतो. पण आपल्या भाषेत पोटात गोळा येतो, जीव खालीवर होतो, डोक्यात भुंगा शिरतो, मन भरून येतं. हे सगळं एकाच डब्यात कसं मावेल? चिन्ह रिकामं ठेवलं तरच त्यात समोरच्याचं काही येऊ शकतं. आधी त्याचं ऐका, रकाना नंतर शोधा.

तुमच्या घरात मनाच्या अवस्थेला असा कुठला खास शब्द वापरतात? तो आणि तो नेमका कधी वापरतात, दोन्ही आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात.