स्क्रोल सॉ म्हणजे काय? लाकडात मराठी नाव कापायचं तर फाइलपासून ब्लेडपर्यंत काय लागतं

रील्स बघताना हा व्हिडिओ एकदा तरी तुमच्या समोर आला असेल. टेबलावर एक बारीक पातं वरखाली होतंय, कोणीतरी लाकडाचा तुकडा हळूहळू फिरवतंय आणि तीस सेकंदांत त्यातून एखादं हरिण किंवा कोणाचं तरी नाव बाहेर पडतंय. त्या मशीनला स्क्रोल सॉ म्हणतात. व्हिडिओ अर्थातच फास्ट फॉरवर्ड केलेला असतो. नवशिक्याला चार अक्षरी नावासाठी तास-दीड तास आरामात लागतो.

हा छंद सुरू करताना बहुतेक जण आधी मशीनच्या मागे लागतात. खरं तर पहिले काही प्रोजेक्ट फसतात ते डिझाइनमुळे. जे स्क्रीनवर छान दिसतं ते लाकडात एकसंध राहीलच असं नाही. देवनागरी अक्षरांच्या बाबतीत तर या गोष्टीचा आधीच विचार करावा लागतो, म्हणून या लेखात तो भाग जरा सविस्तर घेतला आहे.

मशीन कसं चालतं

शिवणयंत्र डोळ्यांसमोर आणा. सुई एका जागी वरखाली होते आणि कापड तुम्ही फिरवता. इथे सुईच्या जागी ब्लेड आणि कापडाच्या जागी लाकूड. फरक इतकाच की ब्लेड वर आणि खाली अशा दोन्ही टोकांना पकडलेलं आणि ताणलेलं असतं. साधारण १९ मिमी वरखाली हालचाल होते आणि बऱ्याच मशीनवर वेग मिनिटाला ४०० ते १६०० फेऱ्यांच्या दरम्यान बदलता येतो.

जाहिरातीत दिसणारा "१६ इंच" हा आकडा ब्लेडचा नाही. ब्लेडपासून मागच्या खांबापर्यंतचं ते अंतर आहे. लाकूड गोल फिरवताना त्याचा कोपरा मागे आपटू नये म्हणून हे अंतर महत्त्वाचं. नावं, कोडी, छोट्या भेटवस्तू यांसाठी १६ इंच पुरेसं आहे.

ऑनलाइन शोधताना एक घोळ होतो. "जिगसॉ" म्हणून जे हातात धरायचं मशीन मिळतं ते वेगळं. त्याचं ब्लेड एकाच टोकाला पकडलेलं आणि जाड असतं. प्लायचा मोठा तुकडा वळणदार कापायला ते ठीक, पण अक्षराच्या आतलं पोट कापायला निरुपयोगी. मजा म्हणजे जिगसॉ पझल हा शब्द मात्र याच बारीक करवतीच्या कुळातला. १७६० च्या दशकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी नकाशे लाकडावर चिकटवून देशांच्या सीमेवर कापायचा, मुलांना भूगोल शिकवायला. पायाने चालवायची स्क्रोल सॉ मशीन घराघरांत गेली ती त्यानंतर शंभरेक वर्षांनी.

ब्लेड: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग

ब्लेड ५ इंच लांब असतं आणि दोन प्रकारांत येतं. एकाच्या टोकांना आडवी पिन असते, दुसऱ्याची टोकं सपाट असतात. पिनवालं बसवायला सोपं, पण आतला भाग कापायचा तर पिन जाईल एवढं मोठं भोक पाडावं लागतं. तेवढं भोक "ब" च्या पोटात मावतच नाही. त्यामुळे मशीन घेताना सपाट टोकाचं ब्लेड बसतं का, हे आधी बघा. माझ्या मते वेग आणि वॅटपेक्षा हा प्रश्न मोठा आहे.

ब्लेडचा नंबर जितका मोठा तितकं ते रुंद आणि जाड. १ आणि ३ नंबर पातळ लाकूड आणि बारीक वळणांसाठी, ५ नंबर रोजच्या कामाला, ७ आणि ९ जाड लाकडाला. रिव्हर्स टूथ ब्लेडमध्ये खालचे काही दात उलटे असतात, त्यामुळे प्लायच्या खालच्या बाजूला फुसकुल्या निघत नाहीत. नावांसाठी हेच घ्या. स्पायरल ब्लेड चारही बाजूंनी कापतं, लाकूड फिरवावं लागत नाही, हे ऐकायला भारी वाटतं. पण काप रुंद आणि खरबरीत येतो.

दात खालच्या दिशेला हवेत. ताण बरोबर आहे का हे कळायला ब्लेड बोटाने सतारीच्या तारेसारखं छेडा. स्वच्छ टिंग असा आवाज आला पाहिजे. ढिलं ब्लेड वळणावर मागे वाकतं आणि कापाची कड तिरकी होते. अजून एक, ब्लेड बनवतानाच त्याच्या एका बाजूला बारीक कड राहते, म्हणून ते सरळ रेषेतही थोडं एकीकडे ओढतं. मशीन बिघडलेलं नाही. लाकूड किंचित तिरकं धरून पुढे सरकवलं की रेषा सरळ येते.

देवनागरी कापताना

इंग्रजी नाव लाकडात कापलं तर प्रत्येक अक्षर सुटं होतं, ती जोडायला खाली पट्टी द्यावी लागते. आपल्याकडे ती पट्टी लिपीतच आहे. शिरोरेषा! "समीर" किंवा "वैशाली" एका तुकड्यात निघतं, ते केवळ तिच्यामुळे.

पण ही सोय सगळीकडे लागू नाही. थ, ध आणि भ या अक्षरांच्या डोक्यावर शिरोरेषा अर्धीच असते. "शुभम" कापलं तर बहुतेक फॉन्टमध्ये शु एकीकडे आणि भम दुसरीकडे पडतं. "अथर्व", "सुधा" यांचंही तेच. तिथे फाइलमध्येच २-३ मिमीचा छोटा पूल काढावा लागतो. अनुस्वाराचा टिंब आणि चंद्रबिंदू तर हवेतच असतात. "ओंकार" मधला टिंब थोडा खाली आणून मात्रेला टेकवा, नाहीतर तो भुशात शोधत बसाल. नाव मागच्या फळीवर चिकटवणार असाल तर मात्र ही कटकट नाही, सुटे तुकडे चालतात.

दुसरा मुद्दा बंद जागांचा. "व" चं पोट सगळ्यांना दिसतं. पण "म" आणि "स" मध्येही शिरोरेषा, आडवी रेघ आणि काना मिळून एक बंद खिडकी तयार होते, ती पटकन लक्षात येत नाही. "ब" आणि "ष" मध्ये पोटातल्या तिरक्या रेघेमुळे एकाच्या दोन खिडक्या होतात. अशा प्रत्येक खिडकीसाठी आधी भोक पाडायचं, ब्लेडचं एक टोक सोडवून त्यातून ओवायचं, पुन्हा पकडायचं, ताणायचं आणि मग कापायचं. म्हणजे नावात किती अक्षरं यापेक्षा खिडक्या किती, यावर वेळ ठरतो. सगळ्या खिडक्या आधी कापा, बाहेरची कड शेवटी. उलट केलंत तर हातात धरायला लाकूडच उरत नाही.

फॉन्ट जाड आणि गोलसर निवडा. एक टाइपचे बालू आणि मुक्त हे दोन्ही मोफत आहेत आणि कापायला सोपे. इंकस्केपमध्ये नाव टाइप करून ऑब्जेक्ट टू पाथ करा, अनग्रुप करा आणि मग युनियन. युनियन विसरू नका. तोपर्यंत प्रत्येक अक्षराची शिरोरेषा वेगळी असते आणि प्रिंटमध्ये जोडावर नको त्या उभ्या रेघा दिसतात. लॅपटॉप नसेल तर कागदावर जाड मार्करने लिहा आणि फोनच्या डॉक्युमेंट स्कॅनरने स्कॅन करा. स्क्रोल सॉला शेवटी कागदावरची रेघच लागते, व्हेक्टर फाइल नाही.

प्रिंट "अ‍ॅक्चुअल साइज" वर काढा, पानाच्या कोपऱ्यात १० सेंमीची रेघ ठेवा आणि पट्टीने मोजा. लाकडावर आधी मास्किंग टेप, त्यावर ग्लू स्टिकने कागद. काम झालं की टेपसकट सगळं सोलून निघतं.

लाकूड आणि धूळ

अखंड लाकडाची ताकद त्याच्या रेषांच्या दिशेने असते. शिरोरेषा आडवी, काने उभे. त्यामुळे लाकूड कसंही ठेवा, काहीतरी कमजोर राहणारच. प्लायमध्ये थर एकमेकांना काटकोनात असतात, म्हणून नावासाठी ६ मिमीचा बर्च प्लाय उत्तम. सागवान हवंच असेल तर अक्षरं जाड ठेवा. ओळखीच्या सुताराकडे सागाचे चांगले तुकडे उरलेले असतात, विचारून बघा.

एमडीएफ स्वस्त आहे, कापतंही लोण्यासारखं. पण त्याची धूळ फार बारीक असते आणि त्यातल्या गोंदात फॉर्मल्डिहाइड असतं. लाकडाची धूळ आणि फॉर्मल्डिहाइड या दोन्ही गोष्टी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या म्हणून नोंदवल्या आहेत. रुमाल बांधून भागत नाही. चेहऱ्याला नीट बसणारा एन९५ मास्क लावा आणि वन बीएचकेमध्ये झोपायच्या खोलीत हे काम करू नका. खिडकीजवळ किंवा गॅलरीत, आणि नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसा.

बोटांच्या बाबतीत टेबल सॉच्या तुलनेत हे मशीन सौम्य आहे, पण दात ते दातच. बोट ब्लेडच्या समोरच्या रेषेत नको. ब्लेड वर जाताना लाकूड उचलतं आणि थडथडतं, म्हणून ते दोन्ही हातांनी टेबलावर दाबून धरा. चष्मा लावा. हातमोजे, सैल बाह्या, ओढणी आणि इअरफोनची वायर लांब ठेवा.

भेट म्हणून काय करता येईल

नावाची पाटी झाली की आकाशकंदील करून बघा. ३ मिमी प्लायच्या चार सारख्या बाजू लागतात. चारही तुकडे एकावर एक ठेवून कडेने पॅकिंग टेप गुंडाळा आणि १२ मिमीचा एकच ठोकळा समजून कापा. एका कापात चारही बाजू तंतोतंत सारख्या. आत फक्त एलईडी लावा.

भाचरांसाठी प्राण्यांचं कोडं करणार असाल तर तुकड्यांचा आकार बघा. अमेरिकेत तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी ३१.७ मिमी व्यासाचं एक नळकांडं वापरतात. त्यात मावणारा तुकडा घशात अडकू शकतो असं धरलं जातं. त्यापेक्षा बरेच मोठे तुकडे ठेवा आणि कडा २२० नंबरच्या पॉलिश पेपरने गोल करा.

मशीन घेण्याआधी

आधी हाताची फ्रेट सॉ घ्या. इंग्रजी यू आकाराची चौकट असते आणि तिला हीच ५ इंची सपाट ब्लेडं बसतात. टेबलाच्या कडेला व्ही आकाराची खाच असलेली फळी क्लॅम्पने लावा आणि एक नाव पूर्ण कापा. त्या नावाच्या खिडक्या कापतानाही मजा आली, तर मशीनवर पैसे घाला.

अमेरिकेतला मावसभाऊ त्याचं जुनं मशीन देतो म्हणाला तर खूश व्हायच्या आधी मागची प्लेट वाचा. तिथली मशीन १२० व्होल्ट, ६० हर्ट्झवर चालतात. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला नुसती पिन बदलून जोडलं तर मोटर जळेल. पुरेशा क्षमतेचा स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि इंडक्शन मोटर असेल तर ५० हर्ट्झवर ती मूळ वेगापेक्षा हळूच फिरेल.