रिगिंगचं कूळ: सूत्रधार की वाढई?

संगणकावर घडवलेलं पात्र हलवायचं तर आधी त्याचं रिग बांधावं लागतं. पोकळ शरीरात हाडांची साखळी बसवायची, बोट मनगटाला, मनगट कोपराला, कोपर खांद्याला असं एकेक हाड वरच्याच्या ताब्यात द्यायचं, मग वर कातडी चढवायची आणि कोणत्या हाडामागे तिचा कोणता भाग किती ओढला जाईल ते ठरवायचं. हे सगळं झाल्यावर अ‍ॅनिमेटरच्या हाती येतात त्या फक्त दोऱ्या, म्हणजे पडद्यावरच्या काही गोल-चौकोनी खुणा. सुटे अवयव, सांधे, कातडं आणि दोऱ्या ही चारही अंगं अकराव्या शतकातल्या एका संस्कृत ग्रंथात एकाच ठिकाणी भेटतात. धारच्या भोज राजाच्या नावावरच्या ‘समरांगणसूत्रधार’ या वास्तुशास्त्राच्या ग्रंथात यंत्रांवर एकतिसावा अध्याय आहे. त्यात लाकडी स्त्री-पुरुषांची कृती दिली आहे: मांडी, मान, मनगट, बोटं, डोळेसुद्धा वेगवेगळे घडवावेत, भोकं पाडून खुंट्यांनी जोडावेत, हुबेहूब माणूस दिसावा म्हणून वर कातडं चढवावं आणि दांड्या-दोऱ्यांनी एकेक अवयव चालवावा. रिगिंग शिकणाऱ्याच्या पहिल्या महिन्याचा अभ्यासक्रम यापेक्षा फारसा वेगळा नसतो.

मग हे बांधणाऱ्याला नाव काय होतं? ग्रंथाच्या नावातच असलेला ‘सूत्रधार’ सगळ्यांना आधी आठवतो, आणि त्याच्यावरून विद्वानांत जुनं भांडण आहे. शंकर पांडुरंग पंडित आणि त्यांच्यामागून १९०० साली जर्मन पंडित रिचर्ड पिशेल यांनी असा पक्ष मांडला की नाटकातला सूत्रधार हा मुळात बाहुल्यांच्या दोऱ्या धरणारा. बाहुली आधी, नाटक नंतर. संस्कृत नाटकाचे अभ्यासक कीथ यांनी १९२४ साली हे उलटवलं: बाहुल्यांचा खेळ नाटकाची नक्कल करतो, म्हणून नाटकच आधीचं. तिसरा पक्ष म्हणतो की सूत्र म्हणजे मोजमापाची दोरी, सूत्रधार म्हणजे ती धरणारा कारागीर, आणि आपला ‘सुतार’ त्याचाच वंशज. यातला तिसरा पक्ष मला सर्वांत भक्कम वाटतो, कारण भोजाच्या ग्रंथनामातला सूत्रधार उघडच वास्तुशिल्पी आहे. पण त्याने प्रश्न अर्धाच सुटतो. दोरीने मोजणारा सांधा कुठे यावा ते सांगेल. तो सांधा प्रत्यक्ष जोडणारा कोण, हे सुतार या शब्दात नाही.

ते वऱ्हाडात आहे. अमरावती-अकोल्याच्या खेड्यांत तिफण, डवरा, वखर आणि पोळ्याचे लाकडी बैल करणारा तो वाढई. हा शब्द संस्कृत ‘वर्धकि’वरून आला. ‘मयमत’ या शिल्पग्रंथात चार कारागीर सांगितले आहेत: स्थपती योजना करतो, सूत्रग्राही दोरीने मापं धरतो, तक्षक लाकूड-दगड तासतो आणि वर्धकी तासलेले भाग जुळवून उभे करतो. म्हणजे वऱ्हाडी बोलीने कारागिराला नाव दिलं ते मोजण्याचंही नाही, तासण्याचंही नाही. सुट्या भागांची जुळणी ज्याच्याकडे होती त्याचं नाव तिने धरून ठेवलं. रिगिंग म्हणजे नेमकी ही जुळणी, आणि म्हणून रिगरचा पूर्वज मी सूत्रधारापेक्षा वाढयात शोधतो.

यावर पहिला आक्षेप येतो की वाढई हा हिंदी ‘बढ़ई’च आहे, वऱ्हाड बराच काळ मध्य प्रांताशी जोडलेलं होतं, तेव्हा तो तिकडून आला असणार. आवाज ऐकला की हा आक्षेप टिकत नाही. प्राकृतातल्या ‘वड्ढइ’मधलं जोडाक्षर सुटलं की मराठीत आधीचा स्वर लांबतो, हस्तचा हत्थ आणि हत्थचा हात झाला तसाच. हिंदीत या शब्दातला पहिला स्वर ऱ्हस्वच राहिला आणि ‘व’चा ‘ब’ झाला. उसना घेतलेला शब्द असता तर ‘बढई’ अशीच काही तरी खूण राहिली असती. वाढई घरचाच आहे. दुसरा आक्षेप जड आहे. वर्धकीचं मूळ ‘वर्ध्’ म्हणजे कापणे या धातूत धरलं जातं, वाढवणे या अर्थाच्या ‘वृध्’मध्ये नाही, तसं असेल तर वाढईही शेवटी कापणाराच. व्युत्पत्ती मला मान्य आहे. पण शब्दाचा जन्म आणि शब्दाचं काम एकच राहत नाही. मयमताने कापण्यासाठी तक्षक वेगळा ठेवला, तेव्हाच वर्धकीच्या वाट्याला जुळणी आली, आणि इथे आपला प्रश्न कामाचा आहे.

या जुळणीचं मोल एका सांध्यावर नीट दिसतं. कोपराचा सांधा हाताच्या जाडीच्या अगदी मध्यावर ठेवला तर हात वाकवताच आतल्या बाजूची कातडी चिरडून आत शिरते. तो थोडा मागे, हाडाच्या टोकाकडे सरकवला की घडी नीट पडते. गुडघा तर सरळ पायातही मुद्दाम किंचित पुढे वाकवून ठेवतात, म्हणजे पाऊल ओढलं की तो कुठल्या बाजूला वळायचा याचा संगणकाला संभ्रम राहत नाही. खांद्यापासून खाली एकेक सांधा फिरवणं ही एक रीत, आणि फक्त तळहात ओढून कोपर-खांदा आपोआप मागे येऊ देणं ही दुसरी. दुसरी रीत म्हणजे कळसूत्री बाहुलीची दोरी; कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत पिढ्यान्‌पिढ्या तेच करत आले. जुळणी मात्र चुकली असेल तर दोन्ही रीती हरतात.

कोणी म्हणेल, कॅलिफोर्नियात भोज वाचला कोणी? आधुनिक रिगिंगची वाट १९३३च्या ‘किंग काँग’मधल्या धातूच्या सांगाड्यावरून आणि यंत्रमानवाच्या हाताच्या गणितातून आली, आणि १९९५च्या ‘टॉय स्टोरी’तल्या वुडीला सातशेंवर दोऱ्या लागल्या. हे सगळं खरं आहे. वंशावळ सलग आहे असा माझा दावा नाही. जोडणारा एक आणि हलवणारा दुसरा ही कामाची वाटणी आणि तिची परिभाषा इथे आधीच घडलेली होती, एवढंच माझं म्हणणं आहे. स्टुडिओत आज रिगर आणि अ‍ॅनिमेटर दोन माणसं असतात ती याच वाटणीने.

वऱ्हाडचा आणखी एक धागा राजशेखराकडे जातो. भोजाच्या शंभरेक वर्षं आधीच्या या कवीने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न वत्सगुल्मात लावलं. वत्सगुल्म म्हणजे आजचं वाशीम, १९९८पर्यंत अकोला जिल्ह्यातलं. त्याच राजशेखराच्या ‘बालरामायणा’त मयाचा शिष्य विशारद रावणासाठी सीतेची यंत्रबाहुली करतो, आणि तिच्या तोंडात बोलकी सारिका, म्हणजे मैना, बसवतो. (मय दानव आणि ‘माया’ नावाचं प्रसिद्ध सॉफ्टवेअर यांची जवळीक हा योगायोग आहे, त्यावर काही उभारू नये.) देह एका कारागिराचा, आवाज दुसऱ्याच जिवाचा आणि बघणारा क्षणभर फसलेला: वेगळ्या कलाकाराच्या आवाजाशी ओठांची हालचाल जुळवायचा अ‍ॅनिमेशनचा सगळा खटाटोप या एका प्रसंगात आहे. ज्या कवीला काव्यपुरुष आणि साहित्यविद्येचं लग्न लावायला वाशीमच सुचलं, त्याने लाकडी तोंड आणि जिवंत आवाज यांची जुळणीही वऱ्हाडातल्याच कुणा वाढयाचं काम बघून रचली असावी, असं मी धरून चालतो.