ई-रीडरचं कूळ पुस्तकाच्या दुकानात

ई-रीडरची कुळकथा सहसा पडद्यापासून सांगतात. १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत निक शेरिडन यांनी केलेले प्रयोग, एमआयटीतून १९९७ मध्ये निघालेली ई-इंक कंपनी, २००४ मध्ये जपानात आलेलं सोनीचं लिब्रिए, २००७ चं किंडल. ही वंशावळ खरी आहे, पण बाजारात कोण टिकलं आणि का, हे तिच्यावरून उलगडत नाही. सोनी, किंडल, नूक, कोबो, टोलिनो या सगळ्यांनी वाचनाचा पडदा घेतला तो ई-इंककडूनच. तेव्हा फरक पडद्यात नव्हता. हे यंत्र पुस्तकविक्रेत्यांच्या चढाओढीतून घडलं, असं माझं ठाम मत आहे.

याचा धागा १९९७ मध्ये सापडतो. पुढे टेस्ला काढणारे मार्टिन एबरहार्ड आणि मार्क टार्पेनिंग तेव्हा 'रॉकेट ई-बुक' घडवत होते आणि भांडवलासाठी अॅमेझॉनचे जेफ बेझोस यांच्याकडे गेले होते. ब्रॅड स्टोन यांनी 'द एव्हरीथिंग स्टोअर' या पुस्तकात नोंदवल्याप्रमाणे बेझोस एकाधिकाराच्या अटीवर अडून बसले, बोलणी फिसकटली आणि पैसा आला तो बार्न्स अँड नोबल ही पुस्तकदुकानांची साखळी आणि बर्टल्समन ही प्रकाशनसंस्था यांच्याकडून. म्हणजे किंडलच्या दहा वर्षं आधी, साध्या एलसीडी पडद्याच्या यंत्रावरून, यंत्र कोणत्या दुकानाचं हा झगडा सुरू झाला होता. तेव्हा हुकलेला एकाधिकार बेझोस यांनी किंडलमध्ये स्वतः घडवून घेतला, असं मी धरतो. २१ जून २०१० रोजी बार्न्स अँड नोबलने नूक १९९ डॉलरवर आणलं आणि त्याच दिवशी किंडल १८९ वर उतरलं. हे दोन दुकानांचं भांडण होतं.

यावर कोणी म्हणेल, सोनीचा रीडर तर बॉर्डर्सच्या पुस्तकदुकानांत मिळत होता, मग तो का मागे पडला? कारण ई-पुस्तकं सोनीच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानातून विकली जात. बॉर्डर्सच्या वाट्याला यायची ती मुख्यतः यंत्राची एकदाची विक्री. वॉलमार्ट आणि टार्गेट यांनी २०१२ मध्ये किंडल विकणं थांबवलं, त्यामागेही हीच जाण असावी, की आपल्या फळीवरून गेलेलं प्रत्येक किंडल गिऱ्हाईक अॅमेझॉनच्या दारात नेऊन सोडतं.

उलट उदाहरण जर्मनीचं. २०१३ मध्ये थालिया, वेल्टबिल्ड, हुगेनडुबेल या एरवीच्या प्रतिस्पर्धी पुस्तकविक्रेत्यांनी डॉयचे टेलिकॉमला सोबत घेऊन टोलिनो काढला. यंत्र एकच, पण थालियातून घेतलं तर त्यात थालियाचं ई-दुकान उघडतं, हुगेनडुबेलमधून घेतलं तर हुगेनडुबेलचं. गिऱ्हाईक ज्याचं त्याच्याकडेच राहतं. अॅमेझॉनला तिथे खरी टक्कर मिळाली. हे श्रेय जर्मनीत कायद्याने बांधून दिलेल्या पुस्तकांच्या किमतींचं, असा आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. अॅमेझॉनला तिथे किमती पाडता आल्या नाहीत. पण कायद्याने फक्त मैदान सपाट केलं. सपाट मैदानावरही किंडल होतंच, आणि त्याच्यासमोर उभं राहायला विक्रेत्यांना एकत्र यावं लागलं.

भारतात किंडल २०१२ मध्ये क्रोमात आलं, म्हणजे टीव्ही-फ्रीजच्या दुकानात. मराठी पुस्तकविक्रेत्याचा त्यात वाटा नव्हता, आणि अॅमेझॉनने किंडलवर मराठी पुस्तकांचं दालन उघडलं ते थेट डिसेंबर २०१६ मध्ये. पुण्या-मुंबईच्या विक्रेत्यांचा सुरुवातीपासून या यंत्रात हिस्सा असता, तर ही चार वर्षं गेली नसती.