घरगुती विमानाची बॅटरी

नवी मुंबईच्या औद्योगिक इतिहासात तळोज्याचे नाव बॅटरीशीही जोडलेले असून, तेथील स्टँडर्ड बॅटरीजचा कारखाना १९९८ मध्ये एक्साइडकडे गेला, तरी त्यामागचे तंत्र १८५९ मधील प्लांते यांच्या शिसे-आम्ल घटाचेच, म्हणजे शिशाच्या पट्ट्या सौम्य गंधकाम्लात ठेवून वीज साठवण्याचे, होते.

हलक्या विमानाला मात्र प्रारंभी बॅटरीवाचून अडत नसे. राइट बंधूंनी १९०३ मध्ये इंजिन सुरू करण्यापुरत्या वापरलेल्या कोरड्या बॅटऱ्या जमिनीवरच राहिल्या आणि आकाशात ठिणगी पुरवली ती मॅग्नेटोने, म्हणजे इंजिनाच्याच फिरण्यातून वीज निर्माण करणाऱ्या चुंबकी यंत्राने. जुहूच्या बॉम्बे फ्लाइंग क्लबच्या (स्थापना १९२८) आरंभकाळातील मॉथ विमानांचे पंखेही हातानेच फिरवले जात. चुकलेल्या हाताला त्याची किंमत मोजावी लागे, हे वेगळे सांगायला नको.

स्टार्टर आणि रेडिओ आले तेव्हा बॅटरी विमानात चढली आणि तिच्याबरोबर आम्ल सांडण्याचे संकटही आले. ॲल्युमिनियमचा सांगाडा खाणारे हे आम्ल रोखण्यासाठी घटाच्या झाकणात शिशाचे छोटे वजन बसवत, जे विमान कलंडताच खाली सरकून वायूचे छिद्र बंद करी. पुढे काचतंतूंच्या थरात आम्ल शोषून ठेवणारी बंदिस्त बॅटरी आल्यावर हा उपद्व्याप संपला. बॅटरीचे वजन तेवढे उरले.

कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर बांधलेले आणि २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात मांडलेले सहा आसनी विमान २०१९ मध्ये उड्डाण परवान्यापर्यंत पोहोचले; अशा स्वनिर्मित विमानांत प्रत्येक किलोचा हिशेब असतो, शिवाय बॅटरी शेपटीकडे की इंजिनाजवळ, यावर गुरुत्वमध्य सरकतो. लिथियम-लोह-फॉस्फेट घटांनी वजन निम्म्याहून खाली आणले. २०१३ मध्ये बोइंग ७८७ विमानांत पेटलेल्या लिथियम-कोबाल्ट घटांपेक्षा ते उष्णतेला अधिक टिकतात, तरी भारनियंत्रक मंडल बिघडल्यास वीज अचानक तुटू शकते. मॅग्नेटोच्या इंजिनाला ते परवडते. इलेक्ट्रॉनिक प्रज्वलनाचे, म्हणजे ठिणगीसाठी बाहेरच्या विजेवर विसंबणारे इंजिन असेल, तर दुसऱ्या बॅटरीचे वजन निमूटपणे वाहावे, हेच शहाणपणाचे.