ध्वनिक्षेपक, मोटारगाडीतील

विद्युत् संकेतांचे ध्वनीत रूपांतर करून तो गाडीच्या कक्षात पसरविणारे साधन. कारखान्यात बसविलेला ध्वनिक्षेपक काढून त्या जागी बाजारातील अधिक चांगला बसविण्याची प्रथा मोटारगाडीतील रेडिओ व ध्वनिफितींच्या प्रसाराबरोबर वाढली. मात्र ध्वनीची प्रत केवळ ध्वनिक्षेपकावर नव्हे, तर दार, हवामान व रस्ता यांवरही अवलंबून असते. सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या कर्जत व खालापूर (जि. रायगड) या तालुक्यांत हे विशेष प्रत्ययास येते.

चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी 1925 मध्ये चल वेटोळ्याच्या ध्वनिक्षेपकाचे वर्णन प्रसिद्ध केले. आजचे बहुतेक ध्वनिक्षेपक याच तत्त्वावर चालतात. शिकागोच्या गॅल्विन कंपनीने 1930 मध्ये ‘मोटोरोला’ हा मोटारगाडीचा रेडिओ विक्रीस आणला. फिलिप्स कंपनीची ध्वनिफीत-पेटी (कॅसेट) 1963 मध्ये आली आणि प्रवासात आवडीचे संगीत ऐकणे सुलभ झाले. 1980 नंतरच्या दशकाच्या आरंभी बोस व जनरल मोटर्स यांनी विशिष्ट गाडीच्या कक्षानुसार आखलेली ध्वनियोजना उपलब्ध केली.

भारतात रेडिओसाठी दीर्घकाळ परवाना लागे. ही पद्धत 1980 नंतरच्या दशकात रद्द झाली. कुर्ला (मुंबई) येथे तयार होणारी प्रीमियर पद्मिनी व 1983 मध्ये आलेली मारुती 800 यांसारख्या गाड्यांत ध्वनिसंच बाहेरून बसवून घेण्याची रीत रूढ होती. मुंबईत अशा सामग्रीसाठी लॅमिंग्टन रोडचा बाजार प्रसिद्ध आहे.

खालापूर तालुक्यातून बोरघाटाकडे जाणाऱ्या मार्गावर डोंगरांमुळे रेडिओग्रहणात अडथळे येतात. मध्यम लहरी डोंगरांआड काही प्रमाणात वळतात. एफएम प्रक्षेपणाच्या अतिलघू लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. 2002 मध्ये पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गावरील बोगद्यांतही ग्रहण खंडित होते. त्यामुळे ध्वनिमुद्रित संगीताचे महत्त्व येथे अधिक राहिले.

दार ही ध्वनिक्षेपकाची पेटीच होय. शंकूच्या पुढील व मागील बाजूंनी निघणाऱ्या तरंगांच्या कला परस्परविरुद्ध असतात. दाराच्या आतील पत्र्यात मोठी भोके उघडी राहिल्यास हे तरंग एकमेकांस मिळतात व कमी कंप्रतेचे, म्हणजे खर्जातील, ध्वनी क्षीण होतात. पातळ पत्रा स्वतःही कंप पावतो. म्हणूनच महागडा ध्वनिक्षेपक बसवूनही आवाज पोकळ राहतो, तर पत्र्यास कंपशामक थर दिल्यास साधाही सुधारतो. शिवाय नव्या ध्वनिक्षेपकाचा संरोध (बहुधा 4 ओहम) विवर्धकास अनुरूप असावा लागतो.

काचेच्या फटीतून दारात पाणी शिरते व तळाच्या छिद्रांवाटे बाहेर पडते. ही छिद्रे बुजविल्यास पत्रा गंजतो. कोकणच्या पावसाळ्यात कागदी शंकू ओल धरतो आणि फेसाची कड कालांतराने झिजते. म्हणून पॉलिप्रोपिलीनचा शंकू व रबरी कड अधिक उपयुक्त ठरतात.

अलीकडील अनेक गाड्यांत संकेतांवर अंकीय संस्करण होते. ते मूळ ध्वनिक्षेपकाच्या उणिवा भरून काढण्यासाठी आखलेले असल्याने नवा ध्वनिक्षेपक सरस असूनही आवाज असंतुलित होऊ शकतो. काही गाड्यांत बाजूचा आघात ओळखणारा दाबसंवेदक दाराच्या पोकळीत असतो. दाराच्या रचनेत मनमानी बदल केल्यास सुरक्षा-पिशवी उघडण्याच्या क्रियेवर परिणाम होण्याचा संभव असतो. घाटातील आंधळ्या वळणावर समोरून येणाऱ्या वाहनाचा कर्णा चालकास ऐकू येणे आवश्यक असते. त्यामुळे चांगल्या ध्वनिक्षेपकाची कसोटी मोठ्या आवाजात नसून, कमी आवाजातही शब्द व स्वर स्पष्ट ऐकू येण्यात आहे.