स्टाफ अधिकाऱ्याच्या युद्धसन्मानांची मीमांसा

जो अधिकारी रणक्षेत्रात स्वतः तुकडीचे नेतृत्व करीत नाही, परंतु सेनापतीच्या निर्णयासाठी माहिती, योजना, आज्ञापत्रे आणि पुरवठा यांची सिद्धता करतो, तो स्टाफ अधिकारी होय. त्याच्या कार्याचे ब्रिटिश परंपरेत तीन विभाग होते : युद्धयोजना व गुप्तवार्ता, मनुष्यबळ व शिस्त, आणि रसद. कॅनडाच्या सेनेने हीच रचना स्वीकारली होती. तिन्ही विभागांत एक लक्षण समान आहे : कार्य एकाचे असते आणि त्याचे फळ दुसऱ्याच्या हातून प्रकट होते. स्टाफ अधिकाऱ्याच्या सन्मानाचा प्रश्न या लक्षणातून उत्पन्न होतो.

आधाराच्या दृष्टीने युद्धसन्मान दोन प्रकारचे आहेत. पहिला कृतिनिष्ठ. त्यास निश्चित स्थळ, निश्चित काळ आणि साक्षीदार लागतो. व्हिक्टोरिया क्रॉस हा त्याचा शुद्ध नमुना. कॅप्टन व त्याखालील अधिकाऱ्यांसाठी डिसेंबर १९१४ मध्ये स्थापन झालेला मिलिटरी क्रॉसही मुख्यतः याच वर्गात बसतो. दुसरा प्रकार सेवानिष्ठ. त्यात एखादा प्रसंग नव्हे, तर दीर्घ काळातील कर्तव्य तोलले जाते. बाथ, तसेच सेंट मायकेल व सेंट जॉर्ज या ऑर्डरींच्या लष्करी नेमणुका या प्रकारात येतात. सेनापतीच्या अहवालातील नामोल्लेख मात्र दोन्ही आधारांवर होऊ शकतो.

१८८६ मध्ये स्थापन झालेली डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर, म्हणजे डीएसओ, या दोन प्रकारांच्या सीमेवर उभी होती. पहिल्या महायुद्धाच्या प्रारंभीच्या वर्षांत ती आघाडीपासून दूर असलेल्या स्टाफ अधिकाऱ्यांनाही मिळत गेली आणि खंदकांतील अधिकाऱ्यांत असंतोष वाढला. म्हणून १ जानेवारी १९१७ पासून शत्रूच्या माऱ्याखाली सेवा करणाऱ्यांचीच शिफारस करावी, असा निर्देश सेनापतींना देण्यात आला. असंतोष न्याय्य होता. परंतु उपायाने धोक्याचे सान्निध्य आणि कार्याचे मूल्य या दोन भिन्न परिमाणांना एकच मानले. त्याच वर्षी जूनमध्ये ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर स्थापन झाली आणि डिसेंबर १९१८ मध्ये तिचा लष्करी विभाग निघाला. सेवानिष्ठ सन्मानाला अशा रीतीने पृथक् स्थान मिळाले.

या भेदाची कसोटी म्हणून कॅनेडियन अधिकारी अँड्र्यू मॅकनॉटन यांचे कार्य पाहावे. शिक्षणाने ते अभियंता. १९१७ च्या प्रारंभी कॅनेडियन कोअरमध्ये शत्रूच्या तोफखान्याचा प्रतिकार योजणारा स्टाफ अधिकारी म्हणून त्यांची नेमणूक झाली. तोफेची चमक वेगवेगळ्या ठाण्यांवरून टिपणे, ध्वनी निरनिराळ्या ठिकाणी पोहोचण्यातील कालभेद मोजणे, विमानातून घेतलेली छायाचित्रे वाचणे, आणि या सर्वांवरून तोफेचे स्थान गणिताने निश्चित करणे, ही त्यांची पद्धत होती. ९ एप्रिल १९१७ रोजी फ्रान्समधील व्हिमी येथील कॅनेडियन हल्ल्यापूर्वी जर्मन तोफांपैकी सुमारे ८३ टक्के तोफांची स्थाने निश्चित झाली होती. निष्प्रभ झालेली तोफ ज्या पायदळाचे प्राण वाचवते, त्या पायदळाला ती दिसतही नाही. म्हणजे या कार्याला घटना नाही आणि साक्षीदारही नाही. त्याचा पुरावा केवळ न घडलेल्या मृत्यूंत आहे. कृतिनिष्ठ मापाने ते मोजता येत नाही. मॅकनॉटन यांना १९१७ मध्ये डीएसओ आणि १९१९ मध्ये सेंट मायकेल व सेंट जॉर्ज ऑर्डरची कंपॅनियन श्रेणी, सीएमजी, मिळाली.

दुसरा भेद उपाधीचा. बाथ, तसेच सेंट मायकेल व सेंट जॉर्ज या ऑर्डरींना श्रेणी असतात. वरच्या दोन श्रेणी पुरुषास 'सर' ही उपाधी देतात. कंपॅनियन श्रेणी देत नाही. १९१७ मध्ये कॅनेडियन कोअरचे सेनापती आर्थर करी 'सर' झाले. १९१९ मध्ये मात्र खासदार विल्यम निकल यांच्या पुढाकाराने कॅनडाच्या कॉमन्स सभागृहाने राजाला विनंती केली की, कॅनडावासीयांना उपाधी देऊ नयेत. ठरावाचा उद्देश सामाजिक समता हा होता. लष्करी परिणाम असा झाला की, सन्मानांची शिडी कंपॅनियन श्रेणीशी खुंटली. १९३३ ते १९३५ या काळात पंतप्रधान बेनेट यांच्या सरकारने उपाधींची शिफारस पुन्हा केली, पण तो अपवाद टिकला नाही.

दुसऱ्या महायुद्धात १९४२ च्या कॅनेडियन संसदीय समितीने उपाधीरहित सन्मान कॅनेडियनांना खुले करण्याची शिफारस केली. कॅनेडियन अधिकारी हॅरी क्रेरार यांच्या सन्मानांचा क्रम या मर्यादेत वाचावा लागतो. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मॅकनॉटन यांच्या जागी तोफखान्याचे तेच स्टाफ कार्य त्यांनी सांभाळले होते. पुढे १९४० मध्ये ते कॅनडाच्या जनरल स्टाफचे प्रमुख झाले आणि १९४४ पासून फर्स्ट कॅनेडियन आर्मीचे सेनापती. सन्मान असे : डीएसओ १९१७ मध्ये, बाथ ऑर्डरची कंपॅनियन श्रेणी १९४३ मध्ये. त्यांच्या शेजारी लढणाऱ्या ब्रिटिश सेकंड आर्मीचे सेनापती माइल्स डेम्प्सी यांना १९४४ मध्ये 'सर' ही उपाधी मिळाली. दोघांचे पद तुल्य, परंतु त्या उपाधीचा मार्ग क्रेरार यांना बंद होता. १९४५ मध्ये त्यांना ऑर्डर ऑफ द कंपॅनियन्स ऑफ ऑनरचे सदस्यत्व देण्यात आले आणि १९४६ मध्ये मॅकनॉटन यांनाही. ही ऑर्डर एकाच श्रेणीची आहे, सदस्यसंख्या ६५ पर्यंत मर्यादित आहे आणि ती उपाधी देत नाही. शिडीबाहेरचा सन्मान असल्यामुळे तो कॅनडाच्या धोरणाशी विसंगत नव्हता आणि कंपॅनियन श्रेणीहून श्रेष्ठही होता. म्हणून त्या काळातील ब्रिटिश व कॅनेडियन अधिकाऱ्यांच्या नावापुढील अक्षरांची सरळ तुलना करून कर्तृत्वाचे अनुमान काढता येत नाही. प्रथम प्रत्येकाला कोणत्या श्रेणी उपलब्ध होत्या, हे निश्चित करावे लागते.