तुफानातले पाणी

वादळ किनाऱ्याकडे निघाल्याची बातमी आली की आपण पहिल्यांदा विचारतो, वारा किती वेगाचा? प्रश्न रास्त आहे. कौले उडतात, माड मोडतात, विजेचे खांब आडवे होतात ते वाऱ्यानेच. पण बंगालच्या उपसागराचा इतिहास चाळला तर मोठ्या वादळांत वाऱ्यापेक्षा पाण्यानेच जास्त माणसे नेली, असे दिसते. मराठीत आपण ‘तुफान’ म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे वारा येतो. मुळात हा शब्द अरबी. कुराणात हजरत नूह यांच्या काळातल्या जलप्रलयाला तूफान म्हटले आहे. म्हणजे शब्दाच्या मुळाशी पाणीच आहे.

हे पाणी येते कसे? वादळाच्या पोटात हवेचा दाब उतरतो, त्यामुळे समुद्र थोडासा वर उचलला जातो. पण खरी करामत वाऱ्याची. तो मैलोन्‌मैल पाणी किनाऱ्याकडे लोटत आणतो. समुद्र उथळ असला तर त्या पाण्याला खाली जायला वाव नसतो, मग ते जमिनीवर चढते. त्यात भरतीची वेळ असली, उधाणाचे दिवस असले, तर विचारायलाच नको. बंगालच्या उपसागराचे वरचे टोक उथळ आहे आणि नरसाळ्यासारखे निमुळते होत गेले आहे. तिथे हा धोका सर्वांत मोठा.

ही गोष्ट वेळीच ओळखणारा एक माणूस कलकत्त्यात होता. हेन्री पिडिंग्टन त्याचे नाव. मूळचा दर्यावर्दी. जहाजांच्या नोंदवह्या गोळा करून त्याने वादळांचे मार्ग मांडले आणि १८४८ साली खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात ‘सायक्लोन’ हा शब्द रूढ केला. सापाच्या वेटोळ्यावरून, ग्रीक भाषेच्या आधाराने त्याने तो घडवला. आपले ‘चक्रीवादळ’ त्याच अर्थाचे.

त्याच सुमारास हुगळी गाळाने भरत चालली म्हणून कलकत्त्याच्या आग्नेयेला मातला नदीवर नवे बंदर बांधायचे घाटत होते. मातला म्हणजे उन्मत्त. आपल्या ‘मातणे’ या शब्दाचीच ती बहीण. पिडिंग्टनने १८५३ साली गव्हर्नर जनरल डलहौसी यांना जाहीर पत्र लिहिले. एखाद्या दिवशी वादळात खाऱ्या पाण्याचा लोंढा या वस्तीवर चढेल आणि पाच ते पंधरा फूट पाण्याखाली ती जाईल, असा त्याचा इशारा होता. तो कोणी मनावर घेतला नाही. बंदर झाले, रेल्वे गेली, पुढे लॉर्ड कॅनिंग यांचे नाव बंदराला मिळाले. पिडिंग्टन १८५८ मध्ये वारला. १८६७ च्या नोव्हेंबरात वादळ आले, मातलेचे पाणी गावात शिरले आणि पुढच्या काही वर्षांत बंदराचा गाशा गुंडाळावा लागला.

त्याआधी, ५ ऑक्टोबर १८६४ रोजी, खुद्द कलकत्त्याला वादळाने गाठले होते. हुगळीच्या मुखातून चढलेल्या पाण्याने आणि मागाहून आलेल्या रोगराईने सुमारे साठ हजार माणसे गेली. दुसऱ्याच वर्षी कलकत्ता बंदरात वादळाची सूचना देण्याची व्यवस्था सुरू झाली आणि १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले. कोकणातल्या बंदरांवर आज जो ‘तीन नंबरचा बावटा’ लागतो, त्याचे मूळ असे त्या बुडालेल्या माणसांपाशी आहे.

पण नुसता बावटा पुरत नाही. १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात भोला बेटावर आणि आसपासच्या किनाऱ्यावर ऐन भरतीत वादळ आले. तीन ते पाच लाख माणसे गेल्याचा अंदाज आहे. रेडिओवर सूचना गेली होती. नंतरच्या पाहणीत दिसले, की वादळ येणार हे बहुतेकांना ठाऊक होते, पण पक्क्या इमारतीत आसरा घेतला तो फार थोड्यांनी. सपाट बेटावर गवताच्या झोपडीत राहणाऱ्याने सूचना ऐकून जायचे तरी कुठे?

याचे उत्तर ओडिशाने दिले. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महावादळात तिथे सुमारे दहा हजार लोक मेले. त्यानंतर किनाऱ्यावर उंच, पक्की निवारागृहे उभी राहिली, गावोगावी स्वयंसेवक तयार झाले. २०१३ साली ‘फायलिन’ आले तेव्हा दहा लाखांच्या आसपास माणसे आधीच हलवली होती. बळी गेले ते काही डझन. समुद्र तोच होता, वारेही तसेच भयंकर होते.

आपल्याकडे ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या. पिढ्यांची कमाई एका दुपारी गेली; पण हजारो लोक आधीच सुरक्षित जागी नेले होते, म्हणून जीवितहानी थोडी झाली. अरबी समुद्रात अलीकडे जोरदार वादळे वाढत आहेत, असे हवामानाचे अभ्यासक सांगतात.

तेव्हा यापुढे बातमी आली तर वाऱ्याच्या वेगाबरोबर आणखी काही विचारावे. वादळ टेकेल तेव्हा भरती असेल की ओहोटी? आपले गाव त्याच्या वाटेच्या उजव्या अंगाला आहे का? आपल्याकडे पाण्याचा रेटा त्याच अंगाला अधिक असतो. आणि गावातली सर्वांत उंच, पक्की इमारत कोणती, तिची किल्ली कोणाकडे? पिडिंग्टनच्या पत्राला जे उत्तर मिळाले नाही, ते गावागावाने आपले आपण द्यायचे आहे, आणि तेही आकाश निरभ्र असताना.